मगरीवर बसून सिरोंच्याले

उमाजी : ...आन हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. सांगतलं तरी कोणी खरं मानणार नाई. पण आज सांगतो. तुहा दादा मांगच्या सालच्या पुरात पुलावरून उडी मारून सिरोंच्याले पोचला ना रिंकू, तो पोहून नाई पोचला. मगरीवर बसून पोचला.

रिंकू : मगरीवर?

उमाजी : मगर कायची, डोंगाच म्हण! एवढी रुंद पाठ. भूपेश मांडी घालून बसला. चपराळ्याच्या संगमावर तिनं मागं वळून पाह्यलं, का बा इथी उतरतं? भूपेश म्हणे, चाल आनखी थोडं, आलोच हावो तं.

पायल : मामाजी, हात जोडतो तुमाले. रिंकूभाऊ उडी माराले आंगाले तेल लावून बसले हायेत. नदी पुलाले लागाले आली. पोरं बोलवाले येतीन आता. बाप हाये तुमी, त्याहिले 'जाऊ नोको' म्हणा.

उमाजी : मंग काय म्हणून राह्यलो, पायल? मगर भेटली म्हणून तो वाचला. दरसाल मगर कुठून आणावं मानसानं?

रिंकू : पण बाबा, पोळ्याच्या टायमाले तं तुमी सागाचं लाकूड म्हणलं होतं. लाकूड धरून गेला म्हणे दादा.

उमाजी : त्याले तसंच वाटलं ना बापा! लाकूड म्हणून धरलं, आन लाकडानं डोळे उघडले.

रिंकू : जाऊ द्या. लाकूड असो का मगर. दादा निंघाला ना? बस. तो निंघाला तं मी बी निंघीन. त्याच्यापेक्षा माहा दम जास्त हाये, सारं गाव जानते.

पायल : निंघून काय भेटन, रिंकूभाऊ? कायच्यासाठी जाता?

रिंकू : तुमाले नाई समजणार, वयनी.

पायल : समजवून तं पाहा.

रिंकू : सालभर तलावाच्या गाळात जाळं वढतो मी. कोणी नाव नाई इचारत. 'ए ढिवरा, मच्छी कशी देल्ली?' बस, एवढंच. पण पुलाच्या कठड्यावर उभा राह्यलो का गोंडपिपरीचे, मूलचे लोक गाड्या थांबवते. मंग पाय सुटते. पाणी लागेपर्यंत मी कोणाचाच नसतो. ना ढिवर, ना लहान भाऊ, ना कोणाचा पोरगा. नुसता हवेत. तेवढ्यासाठी जीव गेला ना, तरी महाग नाई वाटत मले.

पायल : तुमाले नाई वाटत. ज्याले मांगं राहा लागते त्याले वाटते. मी होती तवा पुलावर. तुमचे भाऊ खाली गेले, लोकायनं टाळ्या वाजवल्या. वर आले नाई, तरी टाळ्या सुरूच. पब्लिकले वाटलं, पाण्याखाली खेळून राह्यला. मी बी वाजवल्या, रिंकूभाऊ. ह्याच हातानं.

रिंकू : पण निंघाला ना तो तिकडं!

पायल : मामाजी, आयका. काय म्हणते हा.

उमाजी : अरे, निंघाला पण कसा निंघाला? ते तं मी सांगतलंच नाई. हात गेला त्याचा. जेवणा हात. इथून, खांद्यापासून. मगरीनं भाडं घेतलं म्हण.

रिंकू : सिरोंच्याले डोंगा चालवते म्हणलं होतं तुमी.

उमाजी : चालवते ना.

रिंकू : एका हातानं?

उमाजी : एका हातानंच! गोल गोल जाते डोंगा, पण पोचते. पल्याडच्या लोकायले त्याची सवय झाली. तेलंगी बोलते आता. मराठी इसरला, म्हणून तं फोन नाई करत.

रिंकू : मंग तं झालंच. हात गेला तरी मानूस जगते.

पायल : झालं? आता? तुमी जेवढं भेव घालता, तेवढा ह्याले धीर येते. मामाजी, मी दोन घास खावं म्हणून तुमी हे सुरू केलं. मी खाल्लं. तुमच्या सांगण्यावर वर्षभर कुंकू लावलं. माहा भाऊ वरोऱ्यावरून न्यायले आला, त्याले परत धाडलं. माहं जाऊ द्या. पण आता त्याच गोष्टीवर पाय ठेवून हा पुलावर चढून राह्यला. खरं काय ते सांगा एकदा. ह्याच्या तोंडावर सांगा.

उमाजी : खरंच तं हाये. आपल्या गावची सुकरी बुढी पल्याड मिरची तोडाले गेलती, तिनं पाह्यलं त्याले. डोळ्यानं.

पायल : सुकरीले इचारलं मी. तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला नुसता.

उमाजी : दूर होता तो. मधात पाणी होतं. तिले काय दिसन म्हातारीले...

रिंकू : बस करा ना वयनी. बाबा कायले खोटं बोलन? आवाज येऊन राह्यला पोरायचा. निंघतो मी.

पायल : थांबा. उपाशी नाई धाडत मी कोणाले ह्या घरातून. बसा. मामाजी, तुमी बी बसा पोरासंगं.

उमाजी : बस रे, बस. जेव सावकाश. घाई कायची हाये? मी तुले त्या मगरीच्या लग्नाचं सांगतो...

पायल : घ्या. झिंगे हायेत. आज सकाळी रिंकूभाऊनंच आणले, पुलाखालून.

(उमाजी ताट सरकवतो.)

उमाजी : मले भातच दे नुसता. मीठ टाक वरून.

रिंकू : काऊन? तुमाले तं आवडते झिंगे.

उमाजी : काटा रुतते रे आजकाल गळ्यात.

रिंकू : झिंग्याले काटा कुठी असते, बाबा?

उमाजी : पोट... पोट बी बरं नाई. तू खा. खाऊन घे तू.

रिंकू : परवा तलावाची मरळ खाल्ली तुमी. कालच्या बाजारातली बी खाल्ली.

उमाजी : ते वेगळं.

रिंकू : काय वेगळं? सुकलूबुढ्याचा नातू डोंग्यावरून पडला, भेटला नाई, तवापासून बुढा वैनगंगेची मच्छी तोंडात नाई घालत. आपल्यात कोणीच नाई घालत. नदीनं घरचं मानूस ठेवून घेतलं, का तिची मच्छी सोडते.

उमाजी : आयक ना, रिंकू... ती मगर...

रिंकू : वयनी, बाबानं कवा खाल्ले शेवटचे नदीचे झिंगे?

पायल : मी नाई पाह्यलं. त्या पुरापासून तं नाईच पाह्यलं.

रिंकू : दादा निंघालाच नाई, बाबा.