भ्यायची नोकरी

…न्हाय, भीत न्हाय म्हणून कोण म्हणालं, भितेच मी. तुमास्नी सांगते, कंपनी काढायला दोन डायरेक्टर लागतात म्हणं. एक आमचे हे, किशनराव, आणि दुसरं कोण मिळंना म्हणून मी. साड्यांच्या पदराला गोंडे बांधणारी बाई, गॅस टर्बाइनच्या कंपनीची डायरेक्टर… ह्यात माझं काय काम, तुम्हीच सांगा.

हे बेंगळुरात विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात चांगले नोकरीला होते. लॉकडाऊनला वडगावला घरी आले ते परत गेलेच न्हाईत. मामंजींचे दोन माग भिंतीकडं सरकवले आणि तिथंच खाटखूट सुरू. मामंजी म्हणाले, "किशन, माग आवाज करतोय, पर साडी तरी निघत्या. तुझ्या ह्यातनं काय निघणार?" हे म्हणाले, "वीज, आप्पा. गॅस जाळायचा, त्याच्या झोतावर चक्र फिरवायचं, चक्रावर वीज." मामंजी म्हणाले, "आणि फुटलं तर?" तवाच माझी झोप गेली.

आधी दुसऱ्यांच्या इंजिनांची पाती घासून द्यायची, मग उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, गाळा, चार माणसं, मग स्वतःचं पहिलं टर्बाइन. ते वितळलं. दुसरं वितळलं न्हाय, पण असं किंचाळलं की शेजारच्या फौंड्रीतली माणसं जेवणाचे डबे सोडून रस्त्यावर.

तिसऱ्याला गिऱ्हाईक आलं. निपाणीकडच्या एका डेअरीच्या अध्यक्ष, अक्काताई. त्यांच्याकडं शेणाचा गॅस लई, त्याच्यावर वीज पाहिजे. हे म्हणाले, "ह्यांनी घेतलं न्हाय तर गाळा बंद, मी परत बेंगळुराला. आणि माणसं मशीनला गुंतलीत, तू लाल दिव्यापाशी उभी ऱ्हा. लागला की मशीन बंद करायचं बटण दाब. लागणार न्हाय म्हणा." अवो, लागणारच न्हाय तर मला कशाला उभं करता? ह्यात माझं काय काम?

मशीन सुरू झालं. शिट्टी चढत गेली, पत्रे थरथरले, बल्बांची माळ पेटली, अक्काताई कानावर पदर दाबून बघत्यात, ह्यांच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी हसू… आणि लाल दिवा लागला. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे अक्काताईंच्या शेजारनं हात हलवत्यात, न्हाय, न्हाय, दाबू नको. आता नवऱ्याचं ऐकू का दिव्याचं? काय कळंना. भ्यानंच दाबलं.

सगळं गप्प. हे खालीच बसले. "लक्ष्मी, दिवाच बिघडला असणार गं. गेलं सगळं."

अक्काताई म्हणाल्या, "उघडा की, बघू तरी."

उघडलं, तर तेलाची नळी निसटलेली, चक्राचं बेअरिंग कोरडं. हे पांढरेफटक. म्हणाले, "आणखी जरा चाललं असतं तर चक्र भिंत फोडून गेलं असतं." आणि त्याच भिंतीला टेकून अक्काताई उभ्या.

मला वाटलं, आता बाई चप्पल घालणार आणि जाणार. त्या म्हणाल्या, "किशनराव, नळी नीट बसवा आणि मशीन घेऊन या. मालक नको म्हणतोय तरी बाई बंद करत्या, असली कंपनी बरी. पण चालू करताना ही बाई तिथं पाहिजे."

"अवो, माझे पाय कापत होते, मला त्यातलं काय कळत न्हाय," मी म्हणलं.

"म्हणूनच," म्हणाल्या.

आता मशीन खानापूरला बसू दे न्हाईतर कोगनोळीला, मला गाडीत घालून न्हेतात. परवा ह्यांना म्हणलं, "अजून हातपाय कापत्यात, दुसरं कोणतरी बघा." तर म्हणाले, "कापू देत. न्हाय कापले त्या दिवशी मीच मशीन चालू करणार न्हाय."

जाते मग. काय करणार… जन्मभर फुकट भीत होते, आता पगार तरी मिळतोय.