गजूचं ताट

पूनम : डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं का मामाजी, का नुसती मान डोलवली?

भगवानराव : ऐकलं न. साखर चारशेच्या वर हाय म्हनले. एवढी साखर तं आपल्या राशनच्या दुकानात एकदम कधी आली नाही.

पूनम : हसू नका. अंगठा काळा पडला तुमचा. सोमवारी भरती व्हा म्हणले, कापाच लागते म्हणले.

भगवानराव : अंगठाच न? मले सही करता येते. अंगठ्याचं आपलं काही अडत नाही.

पूनम : पायाचा अंगठा आहे तो!

भगवानराव : मंग तं बिलकुलच नाही अडत.

पूनम : बसा या बाकावर. पिंपळगावची गाडी यायला वेळ आहे. बसा, अन् पाय वर घ्या. आता मले एक सांगा. रोज दोन्ही वेळा तुमचं ताट मी वाढते. भाकर, वरण, एखादी पालेभाजी. त्यातलंही अर्धं टाकून तुम्ही उठता. चहा तुम्हाला फिकाच लागते. मंग एवढी साखर आली कुठून?

भगवानराव : हवेतून येत असंन. खामगावची हवा गोडच हाय.

पूनम : मामाजी.

भगवानराव : डॉक्टर नवा हाय. मशीन नवी हाय. नव्या मशीनले सुरुवातीले जास्तच दिसते.

पूनम : डॉक्टरनं तुम्हाला विचारलं, आधी कधी तपासली होती का. तुम्ही इकडंतिकडं पाहून राह्यले होते. मी पाहिलं.

भगवानराव : मागच्या साली शाळेत शिबिर होतं. फुकट होतं म्हनून गेलो. तो पोरगा म्हने, बाबा, साखर हाय, गोड बंद करा. मी म्हनलं बरं.

पूनम : अन् घरी कोणाले सांगितलं नाही!

भगवानराव : सांगितलं असतं तं तुह्या आत्याबाईनं गोड करनं बंद केलं असतं.

पूनम : करायलाच पायजे होतं बंद! अन् तसंही आत्याबाई गोड करतात ते तुमच्यासाठी कुठं करतात? ते तर ह्यांच्या ताटात...

भगवानराव : हं.

पूनम : मामाजी?

भगवानराव : गाडी आली का पाह्य बरं.

पूनम : नाही आली. ह्यांचं ताट तुम्ही खाता?

भगवानराव : हळू बोल. लोकायले वाटन सासरा चोरी करते.

पूनम : रोज?

भगवानराव : तुम्ही दोघी झोपल्या का. टोपलं हलक्या हातानं उचला लागते. त्याच्या बुडाची एक काडी निंघाली हाय, ती फरशीवर वाजते. आता हात बसला.

पूनम : दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. दोन वर्षं तुम्ही...

भगवानराव : तू ऐकून घे. गजू तेलाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीले होता तवा घरी येईपर्यंत आपन समदे झोपलेलो राहू. त्याची माय ताट वाढून टोपल्याखाली झाकून ठेवे, तो येऊन मुकाट्यानं जेवे. ते तं तू बी पाह्यलं.

पूनम : मी जागीच राहात होती.

भगवानराव : मंग त्या वळनावर तो बिनालायटीचा ट्रॅक्टर उभा होता अन् झालं ते झालं. तेराव्याचे पाहुने गेले. त्या दिवशी तुह्या आत्याबाईनं संध्याकाळी पुन्हा ताट वाढलं. मी काही बोललो नाही. सकाळी ताट जसंच्या तसं. तिनं ते पाह्यलं अन् दिवसभर पान्याशिवाय काही तोंडात घातलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती न्हानीजवळ चक्कर येऊन पडली, तूच उचललं तिले.

पूनम : हो.

भगवानराव : मी म्हनलं, पोरगं उपाशी तं माय कशी जेवन? मंग मीच खाल्लं. सकाळी तिनं टोपलं उचललं, ताट पाह्यलं अन् मले म्हने, गजू जेवून गेला वाटते. मी म्हनलं हो, घाईत होता. तवा ती चहा प्याली. चहात भाकर बुडवून खाल्ली. डोयानं पाह्यलं मी.

पूनम : म्हणजे ताट रिकामं तरच त्या जेवतात.

भगवानराव : तरच. म्हनून तं मी आपल्या ताटातलं अर्धं टाकतो. पोटात दुसऱ्या ताटाची जागा ठेवा लागते. कधी लापशी, कधी गुळाचा शिरा, कधी शेवयाची खीर. रांधन्यात तुह्या आत्याबाईचा हात कोनी धरू नाही.

पूनम : पण ह्यांना गोड आवडतच नव्हतं, मामाजी! ठेचा अन् भाकर असली की दुसरं काही लागत नव्हतं. माह्या माहेरी जावई म्हणून श्रीखंड वाढलं तर ह्यांनी लोणचं मागितलं.

भगवानराव : मेल्यावर आवडी बदलत असतीन. मी काय विचारायले गेलो?

पूनम : अन् तो घास?

भगवानराव : कोनता?

पूनम : ताटात एक घास राहाते रोज. कडेला, भाकरीच्या तुकड्यानं झाकलेला.

भगवानराव : गजू ठेवे न तुह्यासाठी. मी एकदा पानी प्यायले उठलो तवा पाह्यलं होतं. घास नाही ठेवला तं तुह्या आत्याबाईले वहीम येईन, म्हनून ठेवतो. सकाळी तू ताट धुते, तवा जात असंन मोरीत.

पूनम : नाही जात.

भगवानराव : मंग कुठी जाते?

पूनम : मी खाते.

भगवानराव : अरे बापा.

पूनम : मले माहीत होतं कोणीतरी ठेवते. मांजर असा घास झाकून ठेवत नाही. पण मी विचारलं नाही कोणाले. विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं.

भगवानराव : तुहा भाऊ मेहकरहून दोनदा गाडी घेऊन आला. चाल म्हने, पुढचं पाहू. तू गेली नाही. मले वाटे, आमा म्हाताऱ्यायसाठी राह्यली.

पूनम : तुमच्यासाठी नाही राह्यली मामाजी. खोटं कायले बोलू? त्या घासासाठी राह्यली.

भगवानराव : बरं झालं सांगितलं. मी उगीच उपकार मानून राह्यलो होतो.

पूनम : आता काय करायचं?

भगवानराव : मी इचार केला हाय. सोमवारी मी भरती होतो. डॉक्टर मले आठ-पंधरा दिवस सोडत नाही. तेवढे दिवस ताट तू खाय. काडी कुठी वाजते ते मी दाखवून देतो.

पूनम : मी नाही खाणार.

भगवानराव : तुले कुठी साखर हाय? जवान पोरगी तू. हाडं निंघाली, खाल्लं तं अंगी लागन.

पूनम : नाही.

भगवानराव : तुह्या आत्याबाईनं मंग अन्न सोडलं तं? या वयात ती तिसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही पूनम. मी पाया पडलो असतो तुह्या, पन पाय वर घ्या म्हनून तूच सांगितलं.

पूनम : सगळं ताट मीच खाल्लं, मामाजी, तर माह्यासाठी घास कोण ठेवणार?

भगवानराव : गाडी आली. चाल. मले हात दे.

(पिंपळगाव राजा. भगवानराव ओसरीवर बाजेवर पडलेले, पाय उशीवर. आत चुलीपाशी गोजरबाई आणि पूनम.)

गोजरबाई : काय म्हनला डॉक्टर?

पूनम : आत्याबाई, तो दलिया बाजूला ठेवा.

गोजरबाई : काऊन? तुपात भाजून झाला. आता गुयाचं पानी टाकलं का झाली लापशी. इलायची आनली का तू?

पूनम : आज लापशी नका करू.

गोजरबाई : गजूच्या ताटात काय वाढू मंग? बाई, तुह्या डोयाले काय झालं? धूर लागला का?

पूनम : मामाजींना साखर आहे. लय वाढली. अंगठा कापायचा म्हणतात. गोड खाऊन झालं. तुम्हाला कसं सांगू आता मी? ते ताट…

गोजरबाई : ते खातात. मले माहीत हाय.

पूनम : माहीत आहे?

गोजरबाई : पह्यल्या दिवसापासून. सकाळी टोपलं उचललं अन् त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं, तं मिशीले तूप. भुताच्या मिशीले तूप लागते का वं?

पूनम : मग तुम्ही गजू जेवून गेला म्हणून...

गोजरबाई : म्हनलं. अन् ते म्हनले, घाईत होता. एवढं गंभीर तोंड केलं माय, का मलेच हसू येऊन राह्यलं होतं. पोरगं जाऊन महिना झाला नाही अन् मी पदरात तोंड घालून हसली. पाप लागलं असंन मले.

पूनम : पण ताट कायले वाढत होत्या तुम्ही, माहीत होतं तर?

गोजरबाई : पह्यल्या दिवशी हाताच्या सवयीनं वाढलं. खरं सांगते. ताट झाकल्यावर ध्यानात आलं, का आता कोन येते? पन उचलवलं नाही. अन् हे मानूस तेराव्यापासून उपाशी. ताटावर बसे, चिमनीवानी चार दाने टोचे अन् उठे. मानूस उपाशी तं मी कशी जेवू? लगन होऊन आली तवापासून त्यायच्या आंधी घास घेतला नाही मी. माह्या सासूनं शिकवलं तसं.

पूनम : म्हणजे तुम्ही ह्यांच्यासाठी नाही, मामाजींसाठी उपाशी होत्या.

गोजरबाई : गेलेल्यासाठी कोन उपाशी राह्यते बाई? राह्यलेल्यासाठी राह्यते. मंग ते ताट रिकामं दिसलं. म्हनलं, बापाच्या ताटातलं उतरत नाही, पोराच्या ताटातलं उतरते, तं तसं. उतरू दे. तवापासून त्यायच्या आवडीचं गोड करते. गजूले गोड कधी आवडे?

पूनम : तेच मी म्हटलं त्यांना.

गोजरबाई : काय म्हनले?

पूनम : म्हणले, मेल्यावर आवडी बदलत असतीन.

गोजरबाई : जिभेले हाड नाही त्या मानसाच्या.

पूनम : आत्याबाई, ते दिवसाचं जेवण अर्धं टाकत होते ते या ताटासाठी. पोटात जागा ठेवायले.

गोजरबाई : अन् मी त्यायचं अर्धं ताट पाहू पाहू इकडं गूय वाढवून राह्यली होती. उद्या थोडं जास्त टाकू, परवा थोडं जास्त टाकू.

पूनम : तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनीच लपवलं.

गोजरबाई : कापाचं ते अंगठ्यावरच भागन न?

पूनम : अंगठा म्हणले. पुढचं उघडल्यावर सांगतो म्हणले. आत्याबाई, बसा तुम्ही. मी पाहते चुलीकडं.

गोजरबाई : नको. तो भाजलेला दलिया डब्यात भरून ठेव. वरच्या फळीवर ठेव, त्यायच्या हाताले लागू नाही. अन् ज्वारीच्या भरडलेल्या कन्या काढ. ताक हाय?

पूनम : आहे. त्यांना सांगायचं का, की तुम्हाला माहीत आहे?

गोजरबाई : सांगून काय होईन? त्यायले वाटते, त्यायनं मले जगवलं. तेवढं तरी राहू दे मानसापाशी. अंगठा तं चाललाच.

पूनम : बरं.

गोजरबाई : अन् तू जो घास खाते मोरीपाशी उभी राहून, तो बसून खात जाय. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही.

पूनम : तुम्हाला तेबी…

गोजरबाई : कन्या ढवय. खाली लागून राह्यल्या.

भगवानराव : कावं, आत काय खुसुरफुसुर चालली? आज वास काऊन नाही आला तुपाचा?

गोजरबाई : कन्या टाकल्या.

भगवानराव : गुयाच्या?

गोजरबाई : ताकातल्या. मिठाच्या.

भगवानराव : गजूले नाही आवडनार त्या.

गोजरबाई : त्याले म्हना, मायचे हात दुखतात, आता गूय फोडनं होत नाही. आहे ते खाय म्हना. अन् तुम्ही संध्याकाळी आपल्या ताटातलं टाकून उठले तं पाहा.

भगवानराव : मी कायले टाकतो? बरं… सोमवारी मी दवाखान्यात चाललो. आठ-पंधरा दिवस. तुले एकटीले…

गोजरबाई : एकटी कायची? मी रोज डबा घेऊन येते सकाळच्या गाडीनं.

भगवानराव : माह्यासाठी?

गोजरबाई : तुमचं जेवन दवाखान्यात भेटते. गजूचा डबा आनते. इथं कोन जागत बसन त्याच्यासाठी? त्याले म्हना, आता तिकडंच येऊन जेवत जाय. ऐकलं का?

भगवानराव : ऐकलं.

गोजरबाई : अन् डब्यात एक घास ठेवत जाय म्हना. घरी डबा पूनमच धुते.

भगवानराव : सांगतो. भेटला तं.