रुळावर ठेवल्यासारखी

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर दोघे बसले होते. एकाच्या कमरेला पट्टा, दुसऱ्याच्या मानेला.

"कंबर कशानं गेली हो?"

"गाडीनं. जुनी स्पोर्ट्स कार घेतली, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली, कडक स्प्रिंगा टाकल्या."

"क्या बात है! वळणावर कशी चालते?"

"रुळावर ठेवल्यासारखी. खड्डा आला की मात्र थेट मणक्यात."

"मग! रस्ता कळायलाच हवा. मी रेसची सीट बसवलीय. मान हलवायची सोयच नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"छे! उशीवर ढकललं. तुम्ही?"

"जिन्यावरून घसरलो म्हटलं. खरं सांगितलं तर कंपनीच्या मऊ स्प्रिंगा परत टाकायला लावतील."

"त्यापेक्षा रिक्षा बरी."

"पण आता गाडी विकायला काढलीय. आत बसता येतं, बाहेर येता येत नाही. काल बायकोनं आणि वॉचमननं ओढून काढलं."

"विकताय? स्प्रिंगांसकट?"

"तशीच. खालीच उभी आहे."

"चला, बघूया."

"तुमचा नंबर आलाय ना?"

"मान कुठे जातेय? चला. फक्त एक पंचाईत आहे."

"कसली?"

"जिन्याचं निमित्त तुम्ही वापरलंत. कमरेसाठी मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल."