टाकीभर हायड्रोजन

तुम्ही मला अबोल म्हणता ना, मग आमच्या कोन गावच्या हळदीकुंकवाचं ऐका.

माझी लग्नाची रजा संपत आली होती. अंबाडीजवळच्या ज्या प्लांटमध्ये मी काम करते, तिथे पवनचक्कीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढतात आणि टाक्यांत साठवतात. हे कळल्यावर चुलतसासूबाई भरल्या घरात सुरू झाल्या.

"गॅसच्या टाकीपाशी नवी सून? भडका उडाला मग? नोकरी सोड. सासूला मदत हाय, आमच्या जिवाला घोर न्हाय."

"गळती झाली तर भोंगा वाजतो, काकी."

"भोंगा ऐकायला आम्ही तिथं न्हाय! विषय संपला. आता उखाणा घे."

उखाणा सुरू झाला की मध्ये कोणी तोडत नाही. मी पदर सारखा केला.

"वाऱ्याच्या विजेनं हायड्रोजन भरते टाकीभर,
प्रशांतरावांचं नाव घेते, सोमवारी निघते कामावर."

सासूबाई वाणाच्या ताटाकडे बघत हसू दाबत होत्या.

"असला उखाणा असतो काय? दुसरा घे!" काकी कडाडल्या.

"घेते की. पण त्यातही मी सोमवारी कामावरच जाते."