दुसरी वेणी

आई : आणि हे मला कोण सांगतं, तर भाजीवाली. नवरा नाही, भाजीवाली. “बरं झालं हो, काल पालकसभेत तुमच्या ह्यांनी सातच्या शाळेला हात वर केला.” मी हातात कोथिंबीर घेऊन नुसती बघत राहिले. चिमणे, मान सरळ ठेव.

बाबा : अगं, आल्या आल्या सुरू? रात्रभर वॉर्डात उभी होतीस. चहा तरी घे.

आई : चहा नको. हात का वर केला, ते सांगा.

बाबा : सगळ्यांनी केला, म्हणून मीही केला.

आई : सगळ्यांनी नाही केला. बरोबर निम्म्यांनी केला, म्हणून तर आज पुन्हा सभा ठेवलीय. तुम्ही एक हात खिशात ठेवला असता तर कालच विषय मिटला असता. आणि येरझाऱ्या घालू नका, माझं डोकं फिरतं.

बाबा : मोठ्या बाई म्हणाल्या, सकाळी मुलांचा मेंदू ताजा असतो.

आई : ही सकाळी उठते तेव्हा हिला स्वतःचं नाव आठवत नाही. म्हणे मेंदू ताजा! ही पहिली वेणी झाली. ती दुसरी रिबीन द्या इकडे.

बाबा : आणि दुपारी लवकर घरी येईल की ती.

आई : येईल. तेव्हा मी मेल्यासारखी झोपलेली असेन आणि ही घरभर चवड्यांवर चालेल. संध्याकाळी मी उठते ती धावतच, डबा भरायचा आणि रात्रपाळीला पळायचं. आम्हा दोघींची भेट होते ती एवढीच. हिचे केस माझ्या हातात असतात, तेवढीच. नव्या वर्षी शाळा साडेदहाऐवजी सातला भरली, तर मी घरी येईपर्यंत ही गेलेली असणार. हे तुमच्या डोक्यात आलं नाही?

बाबा : केस कापून टाकू, असं मी मागेच म्हटलं होतं. सलून आपलं, कात्री आपली. दहा मिनिटांचं काम.

आई : गावभराची डोकी भादरता आणि घरात एक वेणी येत नाही. माझ्या वाटणीला हिचं एवढं एकच काम उरलंय, त्यावरही कात्री चालवा.

चिमणी : आई, दुखतंय.

आई : चुकलं, बाळा. तूच सांग बरं, तुला हवीय का सातची शाळा?

बाबा : तिला मध्ये ओढू नकोस.

आई : ती मध्येच बसलीय. शाळा तिची आहे.

चिमणी : बाबा, सांगू?

बाबा : नको.

आई : काय नको? काय शिजतंय तुमचं दोघांचं?

चिमणी : मला रोज उशीर होतो, आई.

आई : कसा होईल? तुला वेळेवर तयार करते मी.

चिमणी : तू वेणी घालता घालता झोपतेस.

आई : मी? छे. डोळे मिटते, क्षणभर.

चिमणी : क्षणभर नसतं ते. परवा मी पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. केस तुझ्या मुठीत असतात. मी हलले तर तू जागी होशील, म्हणून बसून राहते.

आई : मग उठवायचं ना मला.

चिमणी : उठवलं की तू म्हणतेस, झोपलेच नव्हते. आणि मग दुपारभर तुला झोप लागत नाही.

(बाबांच्या येरझाऱ्या थांबतात.)

बाबा : मोठ्या बाईंनी मला दोनदा बोलावून घेतलं. विचारलं, मुलगी आळशी आहे का? मी मान खाली घालून हो म्हटलं. आता त्यांना काय सांगणार होतो? मग वाटलं, शाळाच सातला भरली तर हिची बोलणी थांबतील आणि तूही आल्या आल्या सरळ आडवी होशील. तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं माझं.

आई : आळशी म्हणालात हिला?

चिमणी : मीच सांगितलं होतं तसं म्हणायला.

आई : म्हणजे मला सोडून सगळ्यांना ठाऊक. शाळेत बोलणी हिने खायची आणि मी आपली खुशाल… थांबा. आज सभेला मी जाते. सगळ्यांसमोर सांगते, उशीर माझ्यामुळे होतो, हिच्यामुळे नाही. आणि उद्यापासून वेणी उभ्याने घालीन.

बाबा : रात्रभर उभी, आणि परत घरी उभी?

आई : वॉर्डात कधी पापणी मिटत नाही माझी, विचारा कुणालाही. घरी आलं, हिच्या केसांना हात लागला की जीव निवांत होतो. मग कळतच नाही. आता एवढी वेणी झाली की निघालेच. बाईंना म्हणेन, साडेदहाचीच ठेवा. आमच्यासारख्या आया असतात, त्यांना… सकाळचीच काय ती…

बाबा : त्यांना काय? अगं?

चिमणी : श्श.

बाबा : झोपली?

चिमणी : हो.

बाबा : सभा सुरू होईल एवढ्यात. उठवू या?

चिमणी : नको. तुम्ही जा.

बाबा : आणि हात कशाला वर करू?

चिमणी : साडेदहाला.

बाबा : चिमणे, पुन्हा रोज उशीर होईल. वर्गाबाहेर उभं करतील तुला.

चिमणी : करू देत.

बाबा : आणि मोठ्या बाईंनी परत विचारलं तर?

चिमणी : आज खरं सांगा.

बाबा : सांगतो. तू शाळेत कधी येतेस?

चिमणी : येईन, ती उठली की. दार हळू लावा, बाबा. केस अजून तिच्या मुठीत आहेत.