श्यामलाल शेठवर दावा

हॅलो?… हॅलो? हव, गोंदिया… हव, केशोराव वकीलच बोलून राहिलो. कोण?… खुशालराव! अजी जवाईबापू, तुम्ही अन् फोनवर? सुलोचना बरी आहे ना?… बहीण बरी आहे ना माझी?… बरी आहे. मग एवढं ओरडता कायले? तिरोड्याहून गोंदियाला आवाज तारेनं येते, जवाईबापू, गळ्यानं नाही.

हं… हं… नोकरीवरून काढलं? कोणाला?… तुम्हाला! काऊन? श्यामलाल शेठच्या राइस मिलचा वजनकाटा तुमच्याशिवाय हलत नाही, असं सुलोचना आम्हाला लग्नापासून ऐकवून राहिली… हलला? काल दिवसभर हलला?… बरं, काट्याचं सोडा.

दावा? शेठवर?… लावू ना! न लावायला काय झालं? वकील घरचा आहे, अन् वकिलाला सध्या वेळही आहे. पण काढलं कायच्यावरून, ते तर सांगा… मंडईवरून?… हं, दिवाळी झाली, गावात मंडईची जत्रा भरली, दंडारीच्या खेळात तुम्ही सोंग घेतलं. हे दरवर्षीचंच आहे. यंदा कोणाचं घेतलं?… एका कंजूष शेठचं. कोणत्या शेठचं?… 'असाच एक शेठ'. हं.

नाव घेतलं?… अजिबात नाही? शाबास. मग केलं काय?… पोटाला उशी बांधली. बरं, पोट कोणालाही असते… रामराम घालायच्या आधी ढेकर दिली. हं… पाहुणा आला की 'चाय तो पी के ही आए होंगे'… आवाजही तसाच काढला?… जवाईबापू, हा 'असाच एक शेठ' मीही इथून ओळखला.

ते स्वतः होते का मंडईत?… पुढच्या खुर्चीवर. अन् सगळ्यात जास्त तेच हसले?… 'फिरसे, फिरसे' तेच म्हणाले? मग चिडले कधी?… घरी गेल्यावर शेठाणीनं समजावून सांगितलं. आता ध्यानात आलं. राग शेठाणीवर आहे. तिला कामावरून काढता येत नाही, म्हणून तुम्हाला काढलं.

नाही, नाही, मस्करी नाही… ऐका ना जी! दाव्यात दम आहे. तुम्ही नाव घेतलं नाही. म्हणजे कोर्टात शपथेवर शेठलाच सांगावं लागेल की मंडईतला तो ढेरपोट्या, ढेकऱ्या, कंजूष माणूस म्हणजे मीच. मुन्सफ विचारतील, कशावरून? मग साक्षीला शेठाणी…

जवाईबापू, मी बोललो ते पुन्हा मोठ्यानं काऊन म्हणून राहिले?… सांगून राहिले? कोणाला?… शेठला! शेठ कुठून आले?… थांबा. तुम्ही बोलून कुठून राहिले?… मिलमधून. शेठच्या फोनवरून. शेठवर दावा लावायचा का, हे विचारायला!

अजी, पोस्टात फोन होता ना?… तिथं पैसे पडतात. अन् कंजूष म्हणे शेठ!… हो?… शेठनंच नंबर मागून दिला? 'पूछ, पूछ अपने वकील को' म्हणाले?… गादीवर बसून ऐकून राहिले. सगळं?… 'ढेरपोट्या'सुद्धा सांगितलं?

हं. आता हसणं बाजूला ठेवा, जवाईबापू. दावा कदाचित जिंकू, दोन-तीन वर्षांनी. तोवर तिरोड्यात दुसरा कोणता मिलवाला तुम्हाला काट्यावर बसवेल? आधीच्या मालकाला कोर्टात ओढणारा अन् मंडईत नाचवणारा!… हव, सुलोचना लेकरं घेऊन इकडे येईल, घर तिचंच आहे. पण तुम्ही घरजवाई म्हणून माझ्या ओसरीवर बसले, की पुढच्या मंडईत वकिलाचं सोंग निघेल. माफी मागा… आत्ताच, समोर आहेत तर… जीभ उचलत नाही? अजी, सोंगात तर चांगली उचलते!… हॅलो?… हॅलो?

कोण?… शेठजी! नमस्कार, नमस्कार… जी… जी, 'ढेरपोट्या' हा शब्द मी कायद्याच्या दृष्टीनं… जी?… 'खुशाल कल से काम पर आएगा'? शेठजी, दिल बडा है आपका!… नहीं, नहीं, दावा कैसा, घर की बात है… जी… खुशालसारखा माणूस तिरोड्यात नाही. जी, बरोबर… भंडाऱ्यातही नाही? जी… इमानदार, होशियार, देखणा… देखणा?

थांबा. कोण बोलून राहिलं?… शेठजी? शेठजींनी जवाईबापूंना देखणं म्हटलं? नाही, ढेकर देऊ नका, ढेकरीवर मी मानत नाही. शेठजी असाल तर एक करा. खुशालच्या बायकोचं नाव सांगा. मिलच्या पूजेला येते, तुम्ही नावानंच हाक मारता… सांगा ना. सरळ नाव… लाजता कायले, शेठजी?… हं… हं… 'काट्यावर पोतं, धानाचं माप'… पुढे?… 'सुलोचनेचं नाव घेतो, गुन्हा करा माफ.'

जवाईबापू!

शेठच्या आवाजात उखाणा! शेठच्या फोनवर! शेठच्या तोंडासमोर! अजी, होती तेवढीही आशा बुडवली तुम्ही… आता ते मागे कोण ओरडून राहिलं?… ओरडून नाही, हसून?… शेठ? अस्सल शेठ?… गादीवर आडवे झाले?… पाणी द्या, पाणी द्या त्यांना… उठले? काय म्हणून राहिले?… पुन्हा सांगा… 'माझ्याच आवाजात जबान दिली गेली, आता माघारी कशी घेऊ?' असं म्हणाले?… म्हणजे कामावर ठेवलं?… उद्यापासून नाही, आत्तापासून? धानाची बैलबंडी उभी आहे? मग जा ना, बाप्पा! दाव्याचं काय म्हणता? काढलंच नाही, तर लावू कायच्यावर…

हॅलो?… आता कोण घेतला फोन?… पुन्हा शेठजी? नाही, आता मी फसत नाही. काय ते बोला… 'फोन रखो, ट्रंक कॉल का बिल तुम्हारा बाप भरेगा क्या?'

हव. नमस्कार, शेठजी. हे तुम्हीच. ठेवतो… हॅलो?… ठेवलासुद्धा.