दोन बोटांची गादी

दोन बोटं! नाही, तुम्हीच सांगा, दोन बोटं जाडीच्या वस्तूला गादी म्हणतात का? अहो, दोन बोटांचं पायपुसणं असतं! आणि हे ऐकवताय कोणाला, तर मला! माझं सगळं आयुष्य गाद्या भरण्यात गेलं, माझ्या बापाचं गेलं, त्याच्या बापाचं गेलं, कापूस नाकातोंडात जाऊन जाऊन आमच्या घराण्यात शिंकसुद्धा मऊ येते, निम्मं गाव माझ्या गाद्यांवर घोरतं... आणि माझ्या पोटच्या पोरीला दोन बोटं? बरं, माझं काही म्हणणं नाही! शाळेचा नियम आहे म्हणे. सैनिकी शाळा. म्हणजे तिथं पोरांना लहानपणापासून घडवतात, मग पुढं ती मोठ्या अकादमीत जातात, मग अधिकारी होतात, मग टोपी घालून बापाला ओळख दाखवत नाहीत. जाऊ दे. माझं काही म्हणणं नाही.

तुम्हाला सांगतो, आमची मुंगी. खरं नाव वेगळं, पण लहानपणापासून आकारानं एवढीशी आणि हातात कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी, म्हणून मुंगी. अकरा वर्षांची पोर! ती एक दिवस दुकानात येते, पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसते आणि म्हणते, ''बाबा, मी सैनिकी शाळेची परीक्षा देणार.'' मी म्हटलं दे! परीक्षाच आहे, त्यात काय... नापास होईल, रडेल, आपण जवळ घेऊ, समजूत घालू, विषय संपला. तर ही पास! आता मला सांगा, नापास झालेल्या पोराची समजूत घालता येते, पास झालेल्याची कशी घालायची? कोणी शिकवलंय का आपल्याला?

आणि त्यात माझा मेहुणा! फौजेत होता. म्हणजे फौजेत ट्रक चालवायचा, पण आव असा की सीमा याच्या खिशात होती. निवृत्त झाल्यापासून शेजारीच राहतो. पोरीचा निकाल लागला त्या दिवसापासून यानं गळ्यात शिट्टी अडकवली. ''दाजी, शिस्त घरातून सुरू होते!'' अरे, होईना का सुरू, पण अंधारात? कोंबडं झोपलेलं असताना? शिट्टी... फुर्रर्र! ''दाजी, उठा! पांघरुणाची चौकोनी घडी! कोपरे जुळवा, कोपरे!'' मी म्हटलं, अरे बाबा, शाळेत पोरगी चाललीय, मी नाही! तर म्हणतो, ''कुटुंबानं आदर्श ठेवायचा असतो.'' आणि ओढलं पांघरूण माझ्या अंगावरचं! माझ्या घरात! माझ्याच हातानं भरलेल्या गादीवरून मला उठवलं! आणि मुंगी कुठे? मुंगी दात घासून, घडी घालून, बुटाच्या नाड्या बांधून दारात उभी, आणि वर माझ्याकडे बघून, ''बाबा, तुझा कोपरा जुळला नाही.''

बायकोची आणखी वेगळी तऱ्हा. शाळेनं पोरीला नंबर दिला होता, तो प्रत्येक कपड्यावर शिवायचा. प्रत्येक! मोज्यावर, रुमालावर, टॉवेलवर. बायकोनं सुई उचलली ती खाली ठेवायलाच तयार नाही. सांगत होतो, अगं, थांब, झालं सगळं... तर, ''काही राहायला नको हो, हरवलं तर?'' आणि डोळ्याला पदर. दुसऱ्या दिवशी दुकानात शर्ट काढून कापूस पिंजायला बसलो तर पोऱ्या हसतोय. का हसतोस? म्हणे, मालक, बनियनवर नंबर! आता बोला! पण माझं काही म्हणणं नाही. आईचं मन असतं, शिवू दे.

पण गादी! गादीवर माझं म्हणणं होतं. शाळेनं कळवलं होतं, गादी घरून आणायची, कापसाची, जाडी दोन बोटं, जास्त चालणार नाही. का चालणार नाही? कोणाच्या बापाचं जातंय? कापूस माझा, खोळ माझी, दाभण माझं, पोर माझी! दिवसभर तिला पळवणार, रांगायला लावणार, उन्हात उभी करणार, आणि रात्री तिची ती एवढीशी पाठ कशावर टेकवणार, तर पायपुसण्यावर?

मुंगी दुकानात आली. शांतपणे म्हणाली, ''बाबा, गादी सगळ्यांसारखी कर हं. वेगळं काही निघालं ना, तर दारातूनच परत पाठवतात म्हणे.'' तुम्हाला सांगतो, ही पोर अंधाराला घाबरत नाही, कुत्र्याला घाबरत नाही, मामाच्या शिट्टीला घाबरत नाही. तिला भीती एवढी एकच, दारातून परत पाठवतील. मी म्हटलं, हो हो, सगळ्यांसारखी करतो, तू जा.

आणि मी काय केलं? आता धंद्यातली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. ताजा, चांगला, दोनदा पिंजलेला कापूस घेतला, ठासून भरला, दाबून दाबून बसवला, आणि मधले टाके, जे गादीला धरून ठेवतात ना, ते सैल ठेवले. मग गुंडाळी, अशी करकचून, वर सुतळीचे फेरे. गुंडाळलेली गादी सोडली की पहिल्यांदा चपटी पडते, बघणाऱ्याला दोन बोटं. आणि मग आपली सावकाश, पडल्या पडल्या, वर येते. मी म्हटलं, दारात दोन बोटं, खोलीत गेल्यावर वीतभर! पोर झोपेल राजासारखी, आणि शाळेला पत्ता नाही! बायको म्हणाली, ''अहो, टाके सैल वाटतायत.'' मी म्हटलं, तू मोजे शिव.

फक्त एक विसरलो. घराण्याचा धंदा, आणि हेच विसरलो... ऊन! उन्हात कापूस फुगतो हो! आम्हीच लोकांना सांगतो, गादी उन्हात टाका, मऊ राहील!

तिथं पोचलो तर शाळेच्या दाराशी पोरांची रांग, आईबापांची रांग, आणि मोकळ्या मैदानात, टळटळीत उन्हात, गाद्यांची रांग. सोडून ठेवायच्या, म्हणे, तपासणी होणार. आणि तपासणीला एक हवालदार, हातात लाकडाची पट्टी, मिशा अशा की त्यांनाच सलाम ठोकावा. तो आपला त्या टोकापासून एकेक गादी बघत येतोय... सावकाश... आणि आमची गादी श्वास घ्यायला लागली! मी बघतोय. तीन बोटं झाली. चार झाली. मी हळूच एका कोपऱ्यावर पाय ठेवला, तर दुसरा कोपरा वर! तिकडे पाय ठेवला, तर मधेच फुगवटा! शेवटी बसलो. म्हणजे दम लागलाय असं दाखवून बसलो. बायको दुसरीकडे बघायला लागली, जसं काही आमची ओळखच नाही.

हवालदार आला. ''उठा.''

मी म्हटलं, साहेब, गुडघे...

''उठा!''

मी उठलो. आणि माझ्याबरोबर गादीही उठली.

पट्टी लावायचीसुद्धा गरज नव्हती, पण त्यानं लावली. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा विचारतो, ''ही गादी कोणाची?'' आणि मुंगी पुढं झाली. ''माझी, सर.'' माझ्याकडे बघितलं नाही तिनं. बघितलं असतं तर बरं झालं असतं. हवालदार म्हणाला, ''चालणार नाही. परत न्या.''

खोटं कशाला बोलू तुमच्यापुढं... ''परत न्या'' म्हटल्यावर एक क्षण मला इतकं गोड वाटलं! म्हटलं नेतो! गादी नेतो, पोरगी नेतो, मोजे नेतो, सगळं नेतो! आणि मग मुंगीचा चेहरा दिसला. रडत नव्हती. नुसती हनुवटी हलत होती. तिला एकच भीती होती आयुष्यात, आणि ती मी स्वतः, माझ्या हातानं, कापूस भरून दारात आणून ठेवली होती!

मी तोंड उघडलं, साहेब, चूक माझी... तर हवालदार, ''तुम्ही बोलू नका.'' आणि मुंगी म्हणाली, ''सर, कात्री मिळेल?''

हवालदारानं मागवून दिली. तुम्हाला सांगतो, ती पोर भर मैदानात गादीशेजारी मांडी घालून बसली. सामानातला सुईदोरा काढला, गादीची एक बाजू उसवली, आणि मूठ मूठ कापूस बाहेर काढायला लागली. माझा कापूस! दोनदा पिंजलेला! बाकीची पोरं बघतायत, आईबाप बघतायत, वाऱ्यानं कापूस उडतोय, हवालदाराच्या मिशीत जाऊन बसला तरी तो हलला नाही. काढला, हातानं सारखा केला, आणि शिवायला बसली. कडेनं, मग मधले टाके, ओढून, घट्ट, जसे घालायला हवे होते तसे. आणि मी... आता जात कुठं जाईल माझी, मी म्हणालोच, ''टाका जरा जवळ घाल गं...''

''बाबा, तू गप्प बस.''

बायको म्हणाली, ''अहो, गप्प बसा.'' हवालदार म्हणाला, ''गप्प बसा.'' सगळं सैन्य माझ्या विरुद्ध!

पट्टी लावली. दोन बोटं. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. हवालदारानं शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ''कोणी शिकवलं?'' ती म्हणाली, ''बाबांनी.'' मी खाली वाकून उडालेला कापूस वेचायला लागलो.

मग तिनं सगळा काढलेला कापूस एका पिशवीत कोंबला, पिशवी माझ्या हातात दिली आणि वर बघून म्हणाली, ''बाबा, आता आणखी काही म्हणणं आहे तुझं?''

होतं हो! खूप होतं! म्हणणं होतं की जाऊ नकोस, म्हणणं होतं की रात्री पांघरूण लाथाडतेस, ते तिथं कोण घालेल, म्हणणं होतं की शिट्टी वाजली तरी एखाद्या दिवशी झोपून राहा, म्हणणं होतं की तुझ्याएवढ्या वयाच्या पोरी... पण मागं रांग होती. मी म्हणालो, ''नाही. माझं काही म्हणणं नाही.'' मुंगी गादीची गुंडाळी खांद्यावर टाकून चालायला लागली. मागून बघितलं तर नुसती गादी चालत होती, खाली दोन पाय.

आता घरी काय आहे? त्या कापसाची बायकोनं माझ्यासाठी उशी केली. इतकी मऊ की डोकं कुठं ठेवलं ते सापडत नाही, आणि झोप? विचारू नका! मुंगीचा फोन येतो, ''बाबा, काय झोप लागते इथं! पाठ टेकली की सकाळ!'' दोन बोटांवर! आणि मी इकडे उशीशी झटापट करत पडलेला असतो तोवर मेहुण्याची शिट्टी... फुर्रर्र! पोरगी गेली तरी शिट्टी चालूच, आणि मी मुकाट्यानं उठतो, घडी घालतो, आता कोपरेही जुळतात.

परवा एक गिऱ्हाईक आलं. म्हणे, शेठ, झोपच लागत नाही, चांगली जाड, मऊ गादी भरून द्या. मी म्हटलं, जाड कशाला, दोन बोटांची घ्या! म्हणे, दोन बोटांची? त्याला गादी म्हणतात का?

मी म्हटलं, बाबा रे, घे नाहीतर नको घेऊस... माझं काही म्हणणं नाही!